स्वल्प धोका

"टाका."

पडद्याच्या तोंडाशी उभी राहून ती प्लास्टिकची गुलाबी साबणाची डबी उघडायची, आपल्यापुढे धरायची आणि एवढंच म्हणायची. काय टाकायचं आणि का, ते तिनं पहिल्या दिवशी एकदाच सांगितलं होतं. अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातली साखळी, खिशातला चकाकणारा पेन. जे जे चमकतं ते डबीत. मग आत.

मी मालक होतो. शेड माझी, वीजजोडणी माझी, कर्ज माझं. तरी पहिल्या सकाळी ती डबी माझ्याही पोटासमोर आली.

"ही अंगठी सासऱ्यांनी घातलेली आहे," मी म्हणालो. "वीस वर्षांत काढलेली नाही."

"सासरे आले तर त्यांनाही काढायला लावीन. टाका."

साबण लावून ती काढावी लागली. दिवसभर बोटाला साबणाचा वास येत होता आणि डोक्यात राग होता. तो राग पुढे कमी-जास्त झाला, पण पुरता गेला नाही. हे लिहितानाही तो आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही माझं म्हणणं तपासून घ्याल.

बेंगळुरात पीण्याला, कारखान्यांच्या वस्तीत, माझं साचे दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. आमचे लोक इथे तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आले म्हणतात. घोड्यावर बसून आले की घोड्यांना चारा घालत आले, ते कुणी सांगत नाही. मी स्वतः दहावी नापास. एका शेटच्या हाताखाली कानस घासत सुरुवात केली आणि पुढे त्याच शेटची शेड घेतली. भाव करताना माझा आवाज चढतो अशी माझी ख्याती आहे. ती खोटी नाही.

नव्वदीच्या त्या वर्षांत घरोघरी रंगीत टीव्ही येत होते. टीव्हीच्या प्लास्टिकच्या पेट्या ओतायचे साचे म्हणजे प्रचंड धूड. त्यांची कड झिजली की ती भरून काढायला जुनं वेल्डिंग चालत नसे, उष्णतेनं साचा वाकडा होई. म्हणून मी एक लेझर घेतला. परदेशात वापरलेला, पुण्याच्या एका आयातदाराकडून. कपाटाएवढं यंत्र, त्यातून निघालेली लांब केबल आणि केबलच्या टोकाला हातात धरायची नळी. साचा हलवायचा नाही, नळीच साच्यापाशी न्यायची. पायाखालचं पेडल दाबलं की काम. यंत्राभोवती किरण अडवणारा जाड पडदा.

आयातदार शिकवायला माणूस देत होता, तो दोन आठवड्यांसाठी. मी भांडून तीन महिने करून घेतले. म्हणजे बघा, मी तिला घासाघीस करून मिळवली होती. चांगला सौदा केला अशी माझी समजूत होती.

ती तिशीतली. पदार्थविज्ञान शिकलेली, पुण्याची. बोलणं कात्रीनं कापल्यासारखं. आमचं मराठी ऐकून तिला पहिले काही दिवस हसू आवरत नसे, कारण आमच्या मराठीत अर्धं कानडी आहे आणि उरलेलं अर्धं कुणाच्या पणजीच्या काळचं आहे. कामगार मला अण्णा म्हणतात, माझ्या बायकोला अक्का. ती बायकोला दुसऱ्याच दिवशी अक्का म्हणू लागली. मला मात्र 'सर'. कामगारांनी तिचं नाव ठेवलं 'कण्णु मेडम'. कण्णु म्हणजे डोळा. दिवसभर तोच विषय, दुसरं काय ठेवणार?

आमचा मंजुनाथ पट्टीचा वेल्डर. गॅस म्हणा, आर्क म्हणा, हात असा की टाका दिसू नये. त्याला लेझर शिकवायचा होता. त्यानं नळी हातात घेतली. समोरच्या पोलादावर लाल ठिपका पडला आणि तो खुश होऊन म्हणाला, "इतकाच? हा तर टॉर्च आहे."

तिनं त्याच्या हातातून नळी काढून घेतली.

"हा लाल दिसतो ना, तो नोकर. जागा दाखवायला पुढे पाठवलेला. मालक मागून येतो आणि मालक दिसत नाही."

मंजुनाथनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मग शेडमध्ये जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं. पुढे कितीतरी दिवस मी दारात दिसलो की कुणीतरी हळूच म्हणे, "मालक दिसला, आता धोका नाही."

तिचा मुद्दा मात्र खरा होता. तो किरण डोळ्याला दिसतच नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. वर डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणंही कळत नाही. "हात भाजला तर हात मागे येतो," ती सांगायची. "डोळा भाजला तर तो तसाच बघत राहतो. नंतर कुठल्यातरी चेहऱ्याकडे बघताना नाकाच्या जागी करडा डाग दिसतो. तो पुसून जात नाही."

ती हे सगळं कोरड्या आवाजात सांगे, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. त्यामुळेच ते अंगावर येई.

आता चष्म्याचं ऐका. यंत्राबरोबर जे चष्मे आले ते फिकट हिरवट काचेचे, जवळजवळ पांढरेच. मंजुनाथनं एक उचलून उजेडात धरला आणि परत ठेवला. त्याचं सगळं आयुष्य वेल्डिंगच्या काळ्या काचेमागे गेलेलं. जितकी काच काळी तितका डोळा सुरक्षित, हे त्याला बापानं शिकवलेलं. मलाही तेच वाटत होतं. शिवाय त्या फिकट काचांचे जादा जोड मागवायचे तर आयातदार जो भाव सांगत होता, तो ऐकून माझ्याच डोळ्यांपुढे डाग आले. मी मॅजेस्टिकच्या बाजारात गेलो आणि फूटपाथवरून चांगले काळेकुट्ट गॉगल घेऊन आलो. भाव करून.

तिनं ते पाहिले. ओरडली नाही. म्हणाली, "सर, तुमच्या घरी रिमोटचा टीव्ही आहे ना?"

संध्याकाळी ती आणि मंजुनाथ घरी आले. बायको कानडी मालिका बघत होती, ऐन भांडणाचा भाग. मॅडमनी रिमोट मागून घेतला, माझ्या काळ्या गॉगलची काच त्याच्या तोंडावर घट्ट दाबली आणि बटण दाबलं. मालिका गेली, क्रिकेट आलं.

"अय्यो," बायको म्हणाली.

"रिमोटचा उजेडही दिसत नाही," ती म्हणाली. "तोही आपल्या लेझरचा लांबचा भाऊच. सरांच्या गॉगलमधून तो आरपार गेला. वर काळोख असल्यामुळे तुमची बाहुली मोठी होते, म्हणजे दार आणखी उघडं." मग तिनं तो फिकट हिरवट चष्मा रिमोटवर दाबला. एकदा, दोनदा, पाच वेळा बटण दाबलं. क्रिकेट जागचं हललं नाही.

"ही काही पक्की परीक्षा नाही," ती म्हणाली. "खरी माहिती काचेवर छापलेली असते, ती वाचायची. पण तुम्हाला एवढ्यानं पटावं."

"पटलं," मंजुनाथ म्हणाला.

"पटलं, आता माझी मालिका लावा," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी आयातदाराला फोन केला. जादा जोड मागवले. फूटपाथचे गॉगल नंतर कामगार सिनेमाला घालून जात.

तिच्या आणखी तऱ्हा सांगतो, म्हणजे माणूस तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहील. पडद्याआड ती कामगारांना विचारायची, "या खोलीत आरसे किती?" एकही नाही, असं उत्तर यायचं. मग ती दाखवायची: पान्हा, कॅलिपर, पट्ट्याचं बक्कल, कुणाचा तरी स्टीलचा डबा. "किरण सरळ तुमच्या डोळ्यात कुणी मारत नाही. तो असल्या ठिकाणी आपटून येतो." कॉफीचे स्टीलचे लोटे, म्हणजे पेले, तिनं शेडच्या बाहेर काढले. आमच्याकडे कॉफी लोट्यातच प्यायची असते. ती स्वतः फाटकाबाहेर जाऊन, फूटपाथच्या दगडावर बसून, लोट्यातनं कॉफी प्यायची आणि म्हणायची, "इथे आरसा चालतो."

नवशिक्याची तिला भीती नव्हती. "नवशिका घाबरतो, ते चांगलं असतं," ती म्हणे. "भीती वाटते ती हात बसलेल्याची." मंजुनाथचा हात बसायला लागला तशी ती त्याच्यावर जास्तच डाफरू लागली. तो मागे वळून मला म्हणे, "अण्णा, माझी आईसुद्धा इतकी बोलत नव्हती." पण अंगठी स्वतःहून काढून, डबी पुढे यायच्या आधीच हातात घेऊन उभा राहायचा.

मग आली आयुधपूजा, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची.

आमच्या बेंगळुरात आयुधपूजेला पान्ह्यापासून बसपर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. यंत्रं धुऊन पुसून ठेवायची, केळीचे खांब बांधायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, कोहळा फोडायचा. पूजा झाली की प्रत्येक यंत्र क्षणभर चालवून बघायचं, अशी माझ्या शेडची रीत. त्या वर्षी मी टीव्हीच्या पेट्या करणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या साहेबांना बोलावलं होतं. त्यांच्या सगळ्या साच्यांची वर्षभराची दुरुस्ती माझ्याकडे येणार, असं तोंडी ठरलं होतं. ती कामं धरूनच मी यंत्राचं कर्ज काढलं होतं. साहेबांच्या हातून लेझर चालवायचा, फोटो काढायचा, पेढे द्यायचे आणि मग पक्कं करायचं, असा माझा बेत होता.

तिला तो पसंत नव्हता. "चावी माझ्याकडे राहू द्या," ती म्हणाली.

"मेलेल्या यंत्राची पूजा करू?"

"मग पेडल तरी काढून ठेवा. पूजा संपली की जोडू, सगळ्यांना चष्मे देऊ, मग चालवू."

हे मी मानलं. मंजुनाथनं पेडल काढून बाजूला ठेवलं, हे मी स्वतः पाहिलं. साहेब आले आणि म्हणाले, फोटोत पाय पेडलवर दिसला पाहिजे, नाहीतर हातात नुसती नळी धरून उभा राहिलेला मी कोण, नळवाला? सगळे हसले. पेडल जोडलं गेलं. साहेब कानडीत बोलत होते, तिला ते कळलं नसावं, विनोद बरा होता आणि पाहुण्याला नाही कोण म्हणणार? मीही हसलो.

चष्मे दिलेले होते. पण कपाळाला कुंकू लावायचं तर चष्मा आड येतो आणि फोटोला तर येतोच. साहेबांनी चष्मा केसांवर सरकवला. तसा सगळ्यांनीच सरकवला. ती पलीकडे उभी राहून "चष्मे, चष्मे" म्हणत होती, पण घंटा वाजत होती.

माझ्या बायकोनं आरतीचं ताट घेतलं. पितळेचं, चिंचेनं घासून आरशासारखं केलेलं, त्यात लावलेली निरांजनं. तिनं यंत्राला ओवाळलं. मग साहेबांच्या हातातल्या नळीलाही कुंकू लावावं म्हणून ताट घेऊन ती पुढे झाली. तिला सोयीचं व्हावं म्हणून साहेबांनी नळी तिच्याकडे वळवली.

ताटाच्या मधोमध लाल ठिपका पडला.

मला तो दिसला. खोटं कशाला सांगू? मला तो छान वाटला. कुंकवावर कुंकू.

ती मात्र धावली. यंत्रावर बंद करायचं लाल बटण असतं, तळहाताएवढं. तिचा हात तिथे गेला, पण तिथे झेंडूची जाड माळ होती आणि माळेखाली केळीचं पान. तिनं एकदा चाचपलं. मग वळली आणि माझ्या बायकोच्या हातातल्या ताटाला खालून तडाखा मारला.

ताट उडालं. निरांजनं विझली. तेल साहेबांच्या शर्टावर, कुंकू पँटवर. बायकोच्या हातातली हिरवी बांगडी फुटली. ताट पडून गोल गोल फिरत राहिलं. नवमीच्या दिवशी पेटलेली आरती जमिनीवर. तुम्ही आमच्यात वाढला असाल तर याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

"बाई, डोकं फिरलं का तुमचं?" मी ओरडलो.

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. यंत्राची चावी काढली आणि बायकोचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अक्का, हा डोळा झाका. समोरचं कॅलेंडर दिसतं? मधला आकडा वाचा. आता दुसरा डोळा." मग मंजुनाथ. मग फोटोवाला. एकेकाचा डोळा झाकून ती कॅलेंडर वाचायला लावत होती आणि पाहुणे पेढ्यांचं खोकं हातात घेऊन बघत होते. शेवटी ती साहेबांपुढे उभी राहिली.

"सर, एक डोळा मिटा, प्लीज."

"मी पेडल दाबलेलं नाही," साहेब म्हणाले.

"पाय त्यावर होता. मी पाहिलं. एक डोळा मिटा."

साहेबांनी रुमालानं शर्ट पुसला आणि ते गाडीकडे चालू लागले. मी मागे धावलो. तो फोटो कधी निघालाच नाही.

नंतर मी ते ताट भिंग लावून पाहिलं. पडल्यामुळे कड चेपलेली होती, बाकी टाचणीच्या टोकाएवढासुद्धा डाग नव्हता. पेडल दाबलं गेलं नव्हतं. मी तिला ताट दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं." जणू मी तिला पेढा दिला.

चार दिवस साहेब फोनवर आले नाहीत. मग आले. म्हणाले, त्या बाईंनी माझ्या ऑफिसात यावं आणि माझ्या लोकांसमोर एक वाक्य बोलावं: काही धोका नव्हता, माझी चूक झाली. मग आपण पूर्वीसारखे. मला हे स्वस्त वाटलं. एका वर्षाची कामं एका वाक्यात. असा सौदा मी जन्मात पाहिला नव्हता.

तिला घेऊन मी दर्शिनीत गेलो. उभ्यानं खायचं हॉटेल, दगडी टेबलं. चौचौभात मागवला, एका बशीत गोड शिरा आणि तिखट उपमा शेजारी शेजारी. तिला तो आवडायचा. मला भाव करायला भरल्या पोटाचा माणूस लागतो.

"एकच वाक्य आहे," मी म्हणालो. "काही धोका नव्हता, मी घाबरले."

"घाबरले होते. ते म्हणते."

"आणि धोका नव्हता."

"होता."

"बरं. फार धोका नव्हता."

"फार म्हणजे किती?"

"तुम्हीच सांगा किती. अर्धं सोडा. म्हणा, थोडा धोका होता, पण मी जरा जास्त घाबरले."

ती शिरा खात राहिली. हा नकार नव्हे, एवढं मला कळतं. गिऱ्हाईक उठून गेलेलं नाही तोवर भाव चालू असतो. मी माझा शेवटचा आकडा काढला.

"स्वल्प म्हणा. त्यांना कानडीत आवडेल. स्वल्प धोका होता."

तुम्ही बेंगळुरात राहिला असाल तर हा शब्द तुम्हाला माहीत आहे. स्वल्प म्हणजे थोडंसं. बसमध्ये सीटवर तिसरा बसतो तो स्वल्प सरका म्हणून. शेजाऱ्याची भिंत आपल्या हद्दीत येते ती स्वल्प. उशीर होतो तो स्वल्प, रागवायचं असतं तेही स्वल्प. हा शब्द नसता तर या गावात रोज खून पडले असते. माझा सगळा धंदा या शब्दावर उभा आहे.

तिनं चमचा खाली ठेवला. खरंच विचार केला तिनं, हे मी तिच्या बाजूनं सांगतो. ओठ हलवून तो शब्द तोंडात फिरवून पाहिला.

"अण्णा," ती म्हणाली. पहिल्यांदाच. "ते वाक्य फक्त साहेब ऐकणार नाहीत. मंजुनाथ ऐकेल. मी गेल्यावर त्याला एवढंच आठवेल, की मॅडमच म्हणाल्या, स्वल्प होता. मग तो चष्मा स्वल्प घालेल. स्वल्प चष्मा कसा घालतात, ते तुम्ही मला दाखवा."

"अहो, माझं कर्ज आहे!"

"माहीत आहे मला."

"शेड जाईल माझी!"

"ताटाबद्दल माफी मागते मी. साहेबांच्या शर्टाबद्दल मागते. अक्कांच्या बांगडीबद्दल तर मागितलीच आहे. तडाखा मारला त्याबद्दल नाही मागणार."

मी दगडावर हात आपटला. कॉफी सांडली, शेजारच्या टेबलावरचे लोक मागे सरकले. मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिकलेल्या बायका, पुण्याचा तोरा, दुसऱ्याच्या पैशावर तत्त्व, असं बरंच. ती ऐकत होती आणि कागदी रुमालानं टेबल पुसत होती. माझ्या बाजूचंसुद्धा.

तरी ती साहेबांकडे आली. नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं. आली, उभी राहिली, ताटाबद्दल आणि शर्टाबद्दल नीट माफी मागितली. साहेब खुश झाले. त्यांनी आपल्या लोकांकडे पाहून विचारलं, "म्हणजे धोका काही नव्हता?" दार उघडं होतं. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं. मी तिच्याकडे पाहत होतो, एवढ्या जोरानं मी देवाकडेही कधी पाहिलं नसेल.

"होता," ती म्हणाली.

कामं गेली. ती कामं पलीकडच्या रस्त्यावरच्या एका माणसाला मिळाली. त्यानंही असंच यंत्र आणलं. साहेबांनी आयातदाराला फोन केला आणि आयातदारानं तिला मुदतीआधी परत बोलावलं. ग्राहकाशी कसं वागावं हे तिला समजत नाही, असं त्यानं मला फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं, ते ऐकून मला बरं वाटेल.

माझी तक्रार काय आहे, ती नीट समजून घ्या. तिला काही कळत नव्हतं, असं मी म्हणत नाही. ती म्हणते ते झालं असतं, हेही मी धरून चालतो. पण झालं नाही. साच्याला चीर गेली तर ती दाखवता येते, भरून देता येते, तिचे पैसे मागता येतात. जे झालंच नाही ते कुणाला दाखवू? माझ्या बायकोचे दोन्ही डोळे ठीक आहेत, हा कशाचा पुरावा? सगळ्यांच्याच बायकांचे असतात. मी आयुष्यात कुठलीही वस्तू हातात घेतल्याशिवाय दाम दिलेला नाही. या न झालेल्या गोष्टीची किंमत मी पुरी दिली आणि हातात काही आलं नाही.

पलीकडच्या शेडची मी चौकशी करत असे. तिथे पोरं काळे गॉगल घालून काम करतात हे कळलं होतं. कुणाला काही झालं का, असं मी एकदोन वर्षं येता-जाता विचारत राहिलो. कुणाला काही झालं नाही. निदान मला कुणी सांगितलं नाही. प्रत्येक वेळी हे उत्तर ऐकून मी घरी येई. मला दुसरं कोणतं उत्तर हवं होतं, ते विचारू नका.

बायकोशी या विषयावर माझं एकदाच बोलणं झालं. मी म्हणालो, त्या बाईनं तुझ्या हातातलं ताट उडवलं, बांगडी फोडली आणि तू तिला लोणचं बांधून देतेस? बायको म्हणाली, "तिनं माझा चेहरा धरला ना, तेव्हा तिचे हात बर्फासारखे होते. असे गार हात माझ्यासाठी दुसऱ्या कुणाचे पडलेत?" मग स्वयंपाकघरात निघून गेली.

शेड गेली नाही. दोन यंत्रं विकली, लेझर ठेवला, लहान लहान कामं घेत राहिलो. मंजुनाथ अजून फिकट काच लावतो, स्वल्प नाही, पूर्ण. त्याचं श्रेय कुणाला ते त्याला विचारा.

ती गेली त्या दुपारी मी फाटकापर्यंत गेलो. पोचवायला नव्हे. बाहेर एक ऑटो उभी होती आणि हिला भाषा येत नाही, हे ऑटोवाल्याला दिसत होतं. तिच्या हातात एक बॅग आणि बायकोनं दिलेली लोणच्याची बरणी. स्टेशनला जायचं, असं तिनं हातानं आणि हिंदीत सांगितलं. त्यानं तिला वरून खाली पाहिलं आणि मीटरच्या दीडपट मागितले. रात्रीचा भाव, भर दुपारी! मी एक पाऊल पुढे टाकलं. असल्या माणसाला मीटरवर कसं आणायचं ते मला माहीत आहे. आवाज कुठे चढवायचा, कुठे दुसऱ्या ऑटोकडे बघायचं, तोंडात सगळं तयार होतं.

"सरी," ती त्याला म्हणाली. मान्य. एकदाही मागं-पुढं न करता. आणि आत बसली.

मी तसाच उभा. तिनं बरणी मांडीवर घेतली, मला म्हणाली, "येते," आणि ऑटो सुरू झाली. वळणापर्यंत मी कानडीत ओरडत होतो, मीटर टाक, मीटर टाक म्हणून. पीण्यात दुपारी सगळ्या शेडमधली यंत्रं चालू असतात. तिला ऐकू गेलं नसणार.